दोघींची नावं कुणाला ठाऊक आहेत?

आज आम्ही तुम्हाला आपल्या पुण्यातल्या शनिवारवाड्यावर घेऊन जाणार आहोत. भाजी चिरत असाल, पोळ्या लाटत असाल, तर हात चालू द्या. कान तेवढे इकडे ठेवा.

शनिवारवाड्यातलं भूत माहीत नाही, असं पुण्यातलं घर सापडायचं नाही. आम्ही लहान असताना गच्चीवर अंथरुणं घातली, की कुणीतरी आत्या किंवा मावशी आवाज खाली आणून सांगायची, ‘‘अमावास्येच्या रात्री वाड्यातून हाक येते. काका, मला वाचवा!’’ कुणी अमावास्या म्हणायचं, कुणी पौर्णिमा. आम्ही मात्र दोन्ही रात्री पांघरूण डोक्यावरून घ्यायचो.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या सात-आठ जणी नातवंडांना घेऊन वाडा बघायला गेलो. दिल्ली दरवाजाचे ते टोकदार खिळे, आतलं हजारी कारंजं आणि बाकी सगळे जोते. एवढा मोठा वाडा आणि वर छप्पर म्हणून नाही. एका नातीनं विचारलं, ‘‘आजी, घर कुठंय?’’

घर जळालं, बाळा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला. दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. पुढे वाडा वाढत गेला, महालावर महाल चढले. १८१७ च्या नोव्हेंबरात त्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी मोठी आग लागली. लाकडी मजले, कोरीव खांब, सगळी राख झाली. दगड तेवढा राहिला.

आता त्या हाकेची गोष्ट. दिवस होता ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. सकाळी पर्वतीहून परतताना नारायणरावांच्या कानावर दगाफटक्याची कुणकुण आली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांनी जेवण झाल्यावर बघू म्हणून ते काम मागे ठेवलं. तेवढ्यात दुपारी पगार थकल्याची ओरड करत गारदी आत घुसले. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून विनवू लागले. त्यांना तिथेच मारलं. ज्या दरवाजातून त्यांचं कलेवर बाहेर नेलं, त्याला आज आपण नारायण दरवाजा म्हणतो.

इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण मैत्रिणींनो, त्या अर्ध्या तासात वाड्यात अकरा माणसं मारली गेली. त्यात दोन कुणबिणी होत्या. कुणबिणी म्हणजे वाड्यात राबणाऱ्या दासी. त्या काळी या बायकांची खरेदी-विक्री व्हायची. दळण, भांडी, पाणी, सारवण, वाडा चालायचा तो त्यांच्या हातांवर. त्या दुपारी त्या काय करत होत्या? उष्टी काढत असतील, भांडी घासत असतील. त्यांनीही हाक मारलीच असेल ना? कुणाला मारली असेल? त्यांना ना वाड्यात काका होता, ना मामा.

अडीचशे वर्षं आपण एकच हाक ऐकत आलो. त्या दोघींची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येत नाहीत. त्यांचं तर भूतसुद्धा कुणी केलं नाही.

आणि जिची नाव घेऊन आठवण काढली जाते, ती आनंदीबाई. काकांची बायको. चिठ्ठीत ‘धरावे’ असं लिहिलं होतं, तिनं ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झालं, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. पण ती चिठ्ठी आज कुणाला काढून दाखवता येत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ते रघुनाथरावांना. तरी म्हण उरली ती आनंदीबाईच्या नावावर. आजही घरात सून जरा स्पष्ट बोलली, की ‘आली आनंदीबाई’ म्हणून मोकळे होतात. आमच्यातल्या एकीनं सासरी बारा वर्षं हे नाव ऐकलं. वाड्यातल्या त्या जोत्यावर बसून ती म्हणाली, ‘‘मी कधी कुणाचा ध बदलला गं?’’ आम्हाला हसूही येईना.

तिसरी बाई गंगाबाई, नारायणरावांची पत्नी. नवरा गेला तेव्हा तिला दिवस गेले होते. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. सगळ्या दौलतीचा डोलारा त्या एका बाळंतपणावर उभा होता. मुलगी झाली असती तर? या धाकात त्या पोरसवदा विधवेनं ते महिने कसे काढले असतील, ते आपणच समजू शकतो. १७७७ साली तीही गेली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

अंधार पडू लागला तसं पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. नात हात घट्ट धरून म्हणाली, ‘‘आजी, भूत येईल?’’ आम्ही तिला सांगितलं, भूत येत नाही गं. जुनं घर ओस पडलं, की वारा शिरतो, वटवाघळं येतात आणि माणसांच्या मनातली टोचणी आवाज करते. एवढ्या लोकांच्या देखत एक पोर मारलं गेलं आणि कुणी वाचवलं नाही, ही ती टोचणी.

मग ती म्हणाली, ‘‘आणि त्या दोघी?’’

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मुलांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा ‘काका, मला वाचवा’ जरूर सांगा. पण त्यानंतर क्षणभर थांबा आणि म्हणा, वाड्यात त्या दुपारी आणखी दोघी होत्या. आणि घरातल्या कुणा पोरीला, सुनेला गमतीनंसुद्धा आनंदीबाई म्हणू नका.

तुमच्या गावात, तुमच्या आळीत असा एखादा ओस वाडा असेल, तर त्याची गोष्ट आम्हाला कळवा. भुताची सांगा, पण त्या घरात चूल कोण पेटवत होतं, तेही विचारून ठेवा.