हळद, मिरे आणि नोंदवही
(मंडळाच्या नुंगंबाक्कम येथील सभेत दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे, रसायनशास्त्रज्ञही नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेतील एक कलाशाखेचा पदवीधर आहे. तरीही मद्रास इलाख्यात आलेल्या मराठी माणसाचा या विषयाशी जुना संबंध आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्य वैद्यक एकत्र आणले आणि औषधांचे अनुभव लिहवून घेतले.

प्राणवायूच्या वापरातून शरीरात काही अस्थिर कण उत्पन्न होतात व ते पेशींना इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये ती प्रतिऑक्सिडीकारके. आवळ्यातील टॅनिने, तुळशीतील युजेनॉल, हळदीतील कर्क्युमिन ही त्यांची उदाहरणे. कर्क्युमिन १८१५ सालीच वेगळे केले गेले. मात्र ते एकटे रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली त्यासोबत मिऱ्यातील पायपरीन दिले, तेव्हा त्याचे शोषण सुमारे वीसपट वाढलेले आढळले. आपल्या शेजारणीच्या मिरियाच्या रस्समात हळद व मिरे एकत्र नांदतात, हे येथे सहज आठवते.

परंतु परीक्षानळीतील गुण शरीरात उतरतोच असे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट वाढला. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून स्वयंपाकातली चिमूट निराळी आणि बाटलीतली गोळी निराळी. काढ्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध बंद करणे, हा तर जिवाशी खेळ होय.

आता अखेरचा मुद्दा. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या बळावर? 'आमची आजी लावीत असे' एवढ्यावर नव्हे, तर बत्तीस लिखित पुराव्यांवर.

माझी विनंती एवढीच, की घरातील वडीलधाऱ्यांकडून वनस्पतीचे नाव, वापरायचा भाग, प्रमाण आणि झालेला अपायसुद्धा लिहून घ्यावा. आवळ्यापुढे नेल्लिक्काय, अडुळशापुढे आडादोडै अशी तमिळ नावेही लिहावीत. येथे वाढलेल्या आपल्या मुलांना बाजारात तीच नावे ऐकू येतात. लिहिलेले असेल तरच उद्या कोणी ते पारखून पाहील.