बार सुटला तरी बसलेला कुत्रा

शिकारी कुत्रा म्हटला कीं रानडुकराच्या अंगावर झेप घेणारें, दांत विचकलेलें जनावर डोळ्यांपुढें उभें राहतें. इंग्लंडांतील बंदुकीच्या शिकारीचा कुत्रा मात्र अगदीं निराळा. त्याचें काम मारण्याचें नव्हे. बंदुकीनें पडलेला पक्षी झुडपांतून वा पाण्यांतून शोधून, त्यावर दांत न रुतवितां, धन्याच्या हातीं आणून देण्याचें आहे. त्याची थोरवी धांवण्यापेक्षां न धांवण्यांत अधिक आहे.

ही विद्या तेथें गांवोगांवचे क्लब शिकवितात. उन्हाळ्यांत एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणांत सभासद जमतात; कोणी लॅब्राडॉर आणतो, कोणी स्पॅनियल. सुमारें अर्धा किलो वजनाची जाड कापडाची गुंडाळी हीच तेथील शिकार. शिटीचा एक लांब सूर म्हणजे ‘बैस’, तुटक सूर म्हणजे ‘परत ये’. मग गुंडाळी फेंकली जाते, आणि कुत्र्यानें जागचें हालावयाचें नाहीं. कित्येकदां धनीच चालत जाऊन ती उचलून आणतो. पडलेली प्रत्येक वस्तु आपल्यासाठीं नसते, हें कुत्र्याला अशा रीतीनें उमगतें. हें साधल्यावर पोकळ बार, मग पाणी, मग कुंपण, आणि शेवटीं, पडतांना न पाहिलेली गुंडाळी केवळ हाताच्या इशाऱ्यावर शोधणें. या गुंडाळ्यांवरच क्लबांच्या उन्हाळी परीक्षा होतात.

शिकारीच्या रानांतील सामने याहून कठीण. बंदुकीच्या शिकारीच्या कुत्र्यांचा पहिला जाहीर सामना १८६५ सालीं बेडफर्डशायर परगण्यांत साऊथहिल येथें झाला. पुढें १८७३ त स्थापन झालेल्या केनेल क्लबनें सामन्यांचे नियम बांधून दिले. कुत्रा आज्ञेवांचून धांवला, ओरडला, किंवा त्यानें पक्षी चुरडला, कीं तो बाद. धन्यालाहि नियम आहेच : आरडाओरड करून कुत्रा हांकणें हा मोठा दोष समजतात.

खरी कसोटी जखमी पक्षी पळाला म्हणजे लागते. पक्षी एका झुडपाशीं पडल्याचें धन्यानें पाहिलेलें असतें. कुत्रा मात्र तेथें नाक लावून भलत्याच दिशेला वळतो. धन्याचा हात शिटीकडे जातो. शिटी वाजली तर आज्ञाधारक कुत्रा थांबेल, माग हरपेल, आणि तो पक्षी कोठेंतरी कुंपणाखालीं तडफडत राहील. न वाजविली, आणि कुत्रा नुसता भटकत असला, तर पंचांसमक्ष फजिती. दुसऱ्याच्या कुत्र्यानें तोच पक्षी आणला तर ती दुप्पट. जाणता धनी अशा वेळीं शिटी खालीं सोडतो. पक्षी कोठें पडला हें डोळ्यांना ठाऊक असतें. तो कोठें गेला हें नाकाला. महिनोन्‌महिने कुत्र्याला आज्ञा पाळावयास शिकविल्यावर, आज्ञा केव्हां देऊं नये हें माणसानें शिकावयाचें असतें, आणि तोच धडा अधिक जड जातो.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला. तथापि पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांतून पुष्कळ लॅब्राडॉर नांदतात. दारांतली चप्पल तोंडांत अलगद धरून पुढें आणून ठेवणारा कुत्रा खोडी काढीत नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांचें आपलें काम करीत असतो. कापडाची एक गुंडाळी, एक शिटी, आणि योग्य वेळीं गप्प राहण्याची तयारी, एवढ्या सामग्रीवर त्याचें शिक्षण कोणत्याहि मोकळ्या मैदानांत सुरू करतां येतें.