बॉनेट उघडून पाहण्याचा हक्क



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मोटारींवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. मी विषय कळवला तेव्हा शाळेचे चिटणीसही क्षणभर घुटमळले. परंतु मोटारीचे वेड मला याच शाळेच्या पटांगणात लागले, आणि ते लावले आपल्या विज्ञानाच्या सरांनी. त्यांच्याच स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज येथे जमलो आहोत. त्यांचे ऋण मान्य करावे, एवढ्याच हेतूने हा विषय मी निवडला आहे.

सर स्वतः सायकलवर येत. साठच्या दशकात बडोद्याच्या शाळामास्तराला मोटार परवडणे शक्य नव्हते. ज्यांना परवडे त्यांनाही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सरांच्या एका डॉक्टर मित्राकडे मात्र फियाट ११०० होती. पुढच्या फुगीर नाकाडामुळे लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आली होती. एका शनिवारी सरांनी ती पटांगणात आणवली, बॉनेट उघडले आणि आम्हा मुलांना भोवती उभे केले. शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्जन या चार पायऱ्या आम्ही पुस्तकातून घोकल्या होत्या. त्या दिवशी हवा कुठून शिरते, पेट्रोल तिच्यात कुठे मिसळते, ठिणगी कुठे पडते, हे प्रत्येकाला बोटाने दाखवावे लागले. हात काळे झाले आणि धडा कायमचा पक्का झाला.

आता कोणी म्हणेल, म्हातारा जुन्या दिवसांचे गोडवे गाणार. तसे नाही. त्या फियाटला आसनाचे पट्टे नव्हते, अपघातात फुगून जीव वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्या नव्हत्या, आणि तिच्या धुराचे मोजमाप कोणी मागत नव्हते. आज आपल्याकडे पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीच्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशाने धुराच्या चौथ्या मानकावरून, पाचवे वगळून, एकदम सहाव्यावर उडी घेतली आणि इंधनातील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. २०२३ पासून गाड्या आपटून त्यांना तारे देणारी आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ परीक्षाही सुरू झाली. ही प्रगती खरी आहे. माझी नात मागच्या आसनावर पट्टा बांधून बसते, तेव्हा मला त्या डुक्कर फियाटची आठवण येते. पण नातीला तिच्यात बसवण्याची इच्छा होत नाही.

तक्रार निराळी आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या नव्या गाडीत एक पिवळा दिवा लागला. गाडी कोणत्या कंपनीची, ते महत्त्वाचे नाही. सवयीने मी ती दांडिया बाजारातील आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. तीस वर्षे त्यांनी माझ्या गाड्या केवळ आवाजावरून तपासल्या. त्यांनी बॉनेट उघडले, काळ्या प्लास्टिकच्या आवरणाकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “सर, आवाज तर ठीक आहे. बाकीचं हिच्या संगणकाला ठाऊक, आणि त्याची भाषा मला येत नाही.” पुढे कंपनीच्या केंद्रात यंत्र जोडून दिवा विझवण्यात आला. बिलावर एका सुट्या भागाचा क्रमांक होता. बिघडले काय होते, हे मात्र कोणी सांगितले नाही. आयुष्यभर भाषा शिकवलेल्या माणसाला मिस्त्रींचे ते वाक्य लागले.

कारण यंत्राशी ओळख होते तेव्हा माणूस त्याला नाव देतो. ‘डुक्कर फियाट’ हे नाव कंपनीने नव्हे, रस्त्याने दिले. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला. त्या रस्त्याचे नाव आपल्या ‘स्टेपनी’त आजही नांदते. ‘डिकी’ आपण अशी घोळवली की ती परकी वाटत नाही. हे शब्द पंक्चर काढणाऱ्यांनी आणि मिस्त्रींनी रुळवले. नव्या गाडीतील संवेदक आणि संगणकाच्या पेट्या यांना असे एकही घरगुती नाव मिळालेले नाही. जिथे हात पोहोचत नाही, तिथे शब्दही पोहोचत नाही.

‘बिघडली तर कंपनी आहेच,’ असे आपण म्हणतो. मात्र कंपनी नेहमी असतेच असे नाही. येथून सुमारे ४० किलोमीटरवरचे हालोल पाहा. १९९६ साली तेथे जनरल मोटर्सची ओपेल ॲस्ट्रा बनू लागली. त्या वर्षी गावात केवढा अभिमान होता! एप्रिल २०१७ मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि त्याच वर्षाअखेर त्या कंपनीने भारतात गाड्या विकणे बंद केले. कारखाना एमजीकडे गेला आणि २०१९ साली तेथून ‘हेक्टर’ बाहेर पडली. साणंदला फोर्डनेही असाच गाशा गुंडाळला. २०२३ च्या जानेवारीत तो कारखाना टाटांच्या ताब्यात आला. फाटकावरची पाटी बदलते, पण विकलेली गाडी मालकाच्या दारात दहा-पंधरा वर्षे उभी असते. जाणाऱ्या कंपन्या सेवा आणि सुटे भाग पुरवण्याचे वचन देतात. तरी अखेरीस त्या गाडीचा वाली कोण, तर जवळचा जाणता मिस्त्री. त्याच्या हातातून ज्ञान काढून घेतले तर मालकही निराधार होतो.

याच हालोलमध्ये बनणारी ‘विंडसर’ ही विजेची गाडी २०२४ साली आली, तेव्हा तिची बॅटरी भाड्याने घेण्याची सोय होती: गाडी विकत घ्या आणि बॅटरीसाठी किलोमीटरमागे ३ रुपये ५० पैसे द्या. सुरुवातीची रक्कम कमी होते, म्हणून योजना चतुर आहे आणि अनेकांच्या सोयीची आहे. परंतु गाडी माझी आणि तिचा प्राण दुसऱ्याचा, हा मालकीचा नवाच प्रकार आहे. तो स्वीकारताना आपण काय देऊन बसतो, याचा हिशेब मांडायला हवा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही. तो वापरण्याजोगी विद्या हाती असावी लागते. बडोद्याला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे कलाभवन उभे राहिले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे हातांना कसब आणि डोक्याला शास्त्र एकत्र मिळू लागले, तेही देशी भाषेतून. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. यंत्र परदेशी असले तरी त्याची समज आपल्या भाषेत यावी, हा त्यामागचा आग्रह होता. आमच्या सरांनी पटांगणात चालवलेली ती शनिवारची शाळा त्याच परंपरेतली.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक मागणे ठेवतो. आपल्यापैकी काही जण हालोल आणि साणंदच्या कारखान्यांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. शाळेला एक निकामी इंजिन मिळवून द्या, आणि त्याच्या शेजारी ठेवायला विजेच्या गाडीची एक जुनी मोटर द्या. उच्च दाबाच्या बॅटरीपासून मुलांना दूरच ठेवू. तेवढे शहाणपण आपल्यापाशी आहे. गाडीचा संगणक दोष कसा सांगतो, हे वाचून दाखवणारे छोटे यंत्रही आता बाजारात मिळते, तेही आणू. आमच्या मिस्त्रींनी गेल्या दिवाळीत दुकान बंद केले. मी त्यांना विचारले आहे. शनिवारी दोन तास यायला ते तयार आहेत. अट एकच, संगणकाचे ते यंत्र आधी त्यांना शिकवायचे.

ती जबाबदारी मी माझ्यावर घेतली आहे. यंत्राच्या पडद्यावरचे इंग्रजी मी त्यांना मराठीत सांगेन, आणि त्याचा अर्थ ते मला सांगतील. सरांचे स्मारक याहून वेगळे काय असावे, हे मला सुचत नाही.