गाण्याचा तास कोणाचा?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने संगीतशिक्षणावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. माझा गाण्याशी संबंध चौथीतच तुटला. प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी मला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तपासणीला साहेब यायचे होते. परंतु तेव्हापासून मी आजतागायत ओठच हलवीत आलो आहे.

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तीतून निघालेल्या झाकिर हुसेन समितीने सुचविलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग व गणित यांच्याबरोबर संगीतालाही स्थान होते. गरीब देशाला गाणे परवडत नाही, असे त्या पिढीला वाटले नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मात्र कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक दिला तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरता. पहिली ते पाचवी, म्हणजे कान आणि गळा घडण्याचे वय, त्यातून वगळले गेले. वस्तीवरची वीस पटाची शाळा तर हिशेबातच नाही. ज्यांना फी परवडते त्यांची मुले खाजगी वर्गात पेटी-तबला शिकतात. बाकीची ओठ हलवितात.

यावर ‘बाजार पाहून घेईल’ असे उत्तर मिळते. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच दाखविले आहे, की यंत्राने गिरणीतील कामगाराचे उत्पादन वाढते. पण चौघांनी वाजवावयाची रचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. त्यामुळे कलेचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेने वाढत जातो. शिकविण्याचेही तसेच आहे. मोबाइल मुलाला गाणे ऐकवील. घाबरलेल्या मुलाशेजारी बसून त्याला धीर देणार नाही. हा खर्च बाजारावर सोडला, तर गाणे पैसेवाल्यांचेच राहील. तो सार्वजनिक तिजोरीनेच सोसला पाहिजे.

आणि तो फारसा मोठाही नाही. हंगेरीत झोल्तान कोडाय यांच्या विचारांवर १९५० साली केचकेमेट येथे गाण्याला नित्य स्थान देणारी प्राथमिक शाळा निघाली. प्रथम गळा, मग वाद्य. आणि आरंभ आपल्या मातीतील लोकगीतांनी, हे त्यांचे सूत्र होते. आपला षड्जही कोठेही धरता येतो. शिक्षकाने स्वतःची पट्टी सोडून मुलांना सोसेल ती पट्टी धरली, तर ‘बेसूर’ ठरविलेली कितीतरी मुले सुरात येतील.

पण मातीतील गाणे म्हणजे कोणाचे गाणे? येथे आपल्याला प्रामाणिक राहिले पाहिजे. ओवी, अभंग, पोवाडा शाळेत येतात. हलगी आणि तारपा बहुधा स्नेहसंमेलनापुरतेच येतात. शिवाय ज्यांच्यावर हलगी वाजविण्याचे काम जातीने लादले गेले, त्यांच्यातील अनेकांनी ती स्वाभिमानाने खाली ठेवली आहे. त्यांच्या मुलाच्या हाती ‘तुमची कला’ म्हणून तीच पुन्हा देणे, ही लोककलेची सेवा नव्हे. हलगी वर्गात यावी, पण ती पाटलाच्या मुलीनेही शिकावी आणि त्या मुलाने हवे तर पेटीवर बोट ठेवावे. कला सर्वांची झाली, तरच तिच्यावरचा जातीचा शिक्का पुसेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात पूर्ण वेतनावर एक फिरता संगीतशिक्षक नेमावा. त्याने आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जावे, आणि उरलेल्या दिवशी वर्गशिक्षकाने सराव चालवावा. या तासाला परीक्षा नको, स्पर्धा नको, पाहुण्यांपुढील प्रदर्शनही नको. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत आणि जिल्हा परिषदेत धसास लावावा. भाकरीचा लढा आधी, हे मला मान्य आहे. परंतु ज्याला लहानपणी ‘गप्प राहा’ असे शिकविले गेले, त्याच्याकडून उद्या मोर्चात खुल्या गळ्याच्या घोषणेची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?