सिक बेपासून पदवीपर्यंत



  

अलिबागला भरलेल्या, जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या या वार्षिक अधिवेशनात अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. सभासद, शिबिरं, जमाखर्च हे सारं छापील अहवालात आलं आहे. ते वाचून दाखवण्यात मी तुमचा वेळ घेणार नाही. फार वर्षं एक गोष्ट बोलायची राहून गेली आहे. ती आज बोलतो.

उमेदीच्या काळात मी नौदलात शल्यचिकित्सक होतो, नंतर मुरुडला दवाखाना टाकला. नौदलातला मेडिकल असिस्टंट काय चीज असते, हे मी जवळून पाहिलं आहे. बारावीला जीवशास्त्र घेतलेला मुलगा भरती होतो, ओडिशात आयएनएस चिल्कावर कवायत शिकतो आणि मग कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतो. लहान जहाजांवर डॉक्टर नसतो. तिथली सिक बे, म्हणजे जहाजावरचा दवाखाना, याच्या एकट्याच्या ताब्यात असते.

अशाच एका जहाजावर एका खलाशाच्या पोटात दुखू लागलं. सगळ्यांना वाटलं, जेवण बाधलं. आपल्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला एक पोरगा तिथे मेडिकल असिस्टंट होता. त्यानं ताप पाहिला, नाडी पाहिली, पोटाच्या उजव्या बाजूला दाबून हात सोडल्यावर कळ येते का ते तपासलं आणि कप्तानाला सांगितलं, जहाज बंदराकडे वळवा. रुग्ण माझ्या टेबलावर आला तेव्हा अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. त्या पोराच्या टिपणात मला एक शब्द वाढवावा लागला नाही.

पुढे सेवेत असतानाच त्यानं फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणाऱ्या सहायकाच्या, पदवीला अर्ज करायचं ठरवलं. वरिष्ठांची परवानगी, ना-हरकत पत्र, सेवामुक्तीची तारीख, सगळे कागद त्यानं वर्षभर आधी जमवायला घेतले. प्रवेशाच्या फेरीला जातीनं हजर राहा म्हणाले, तेव्हा जहाज समुद्रात. रजा मिळवून गेला तर महाविद्यालय म्हणालं, सेवेत आहात तर पूर्णवेळ हजेरी कशी लावणार? सुटून या. सुटून गेला तेव्हा म्हणाले, पहिल्या वर्षापासून बसा. चार वर्षं, घरी दोन मुलं, आणि वर्गात शिकायचं काय, तर रक्तदाब कसा मोजतात! इतक्या वर्षांच्या सिक बेचा एकही दिवस कुणी धरला नाही. आज तो नवी मुंबईत एका गृहसंकुलाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो. तो तक्रार करत नाही. मी करतो आहे.

फिजिशियन असिस्टंटचा हा पेशा मुळात जन्माला आला तो कोणासाठी? १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली. त्यात चार जण होते आणि चौघेही नौदलाचे माजी वैद्यकीय सहायक. त्यांच्या हातांत कसब आहे आणि बाहेरच्या जगात त्यांना जागा नाही, हे त्या माणसानं ओळखलं. १९६७ मध्ये त्यातले तिघे अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले. आपल्या देशात हा अभ्यासक्रम १९९२ साली मद्रासमध्ये सुरू झाला, डॉ. के. एम. चेरियन यांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागाच्या गरजेतून. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या पेशाला मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांत स्थानही दिलं. फक्त ज्याच्यासाठी दार उघडलं होतं, तो आपल्याकडे उंबऱ्याबाहेरच राहिला.

काल परिसंवादात काही मित्र म्हणाले, हे अर्धवट डॉक्टर आपल्या डोक्यावर बसतील. इंग्लंडचा दाखलाही दिला गेला. तो दाखला मी नाकारत नाही. २०२५ च्या लेंग अहवालानं तिथे सांगितलं, की निदान न झालेला रुग्ण या लोकांनी आधी पाहू नये, एवढंच नव्हे, त्यांना ‘असिस्टंट’ म्हणा, ‘असोसिएट’ नको. ठीक आहे! मर्यादा आखा, कागदावर आखा, वर डॉक्टरची सही ठेवा. फौजेतून आलेल्या माणसाला मर्यादा पाळायला शिकवावी लागत नाही.

आणि ज्यांना अजून शंका आहे, त्यांना मी ३ जून २०२० ची आठवण करून देतो. निसर्ग वादळ. माड-पोफळी रस्त्यांवर आडव्या, फोन मेलेले. मुरुडपलीकडच्या एका गावात उडालेल्या पत्र्यानं एका बाईची मांडी खोल चिरली. डॉक्टर पोहोचणं अशक्य होतं. गावात नौदलातून निवृत्त झालेला एक मेडिकल असिस्टंट होता. त्यानं जखमेत स्वच्छ कापड ठासून दाब दिला आणि रात्रभर ठरावीक वेळानं नाडी कागदावर लिहीत बसला. दुसऱ्या दिवशी झाडं तोडत तिला माझ्याकडे आणलं. बाई वाचली, पायही वाचला. ‘अर्धवट’ हा शब्द मला त्या दिवसापासून उच्चारवत नाही.

अशी नजर ठेवण्याचं मोल विंचूदंशानंही आपल्याला शिकवलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांवर जे काम केलं, ते जगानं वाचलं. त्या उपचारात गोळी स्वस्त आहे. महाग आहे ते रुग्णाच्या उशाशी जागं राहणं, दर काही तासांनी नाडी आणि रक्तदाब पाहणं. श्रीवर्धनला, म्हसळ्याला त्या उशाशी बसायला आपल्याकडे माणूस आहे का? तो निवृत्त होऊन गावी आला आहे आणि आपण त्याला ओळखत नाही.

हा जिल्हा फौजेला माणसं देत आला आहे. माणगावचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाडजवळच्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे पडलं. पुतळे आपण उभारतो, परतणाऱ्यांसाठी प्रवेशअर्जात एक रकाना मात्र ठेवत नाही.

माझी मागणी साधी आहे. अग्निवीरांच्या सेवेतल्या प्रशिक्षणाला इग्नूच्या पदवीत निम्मे श्रेयांक देण्याचं केंद्रानं २०२२ मध्ये जाहीर केलं. तेच तत्त्व फिजिशियन असिस्टंटच्या पदवीला लावा. सेवेतलं काम परीक्षा घेऊन मोजा, लेखी आणि रुग्णाजवळची, कडक घ्या. उतरला तर थेट पुढच्या वर्षात बसवा. सेवेचं शेवटचं वर्ष चालू असतानाच त्याचा अर्ज स्वीकारा आणि जागा राखून ठेवा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे आपण निवेदन नेऊ, नौदलाच्या अधिकाऱ्यांशी बोलू. एक छोटी समिती लागेल. ती कोणाची, हे कार्यकारिणी ठरवील.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या गावात असा एखादा मेडिकल असिस्टंट किंवा लष्करातला नर्सिंग असिस्टंट निवृत्त होऊन आलेला असेल, नाहीतर पुढच्या वर्षी येणार असेल. त्याला विचारून, आजच जेवणाच्या सुट्टीआधी त्याचं नाव माझ्याकडे लिहून द्या.