द्राक्षरसातलं मारक यीस्ट : राखणदार की वैरी?



महाराष्ट्र शासनानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून नाशिक भागातल्या काही बागाईतदारांनी रीतसर परवाना काढून वायनरी घातली. अशा बंधूंची एक तक्रार असते : तीन-चार दिवस छान फसफसणारा रस मध्येच थंडावतो. गोडी तशीच राहते, रस बिघडतो आणि टाकीभर द्राक्षांचे पैसे बुडतात. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक आज समजून घेऊ.

दुधाला जसं विरजण, तसं द्राक्षरसाला यीस्ट. हे सूक्ष्म जीव रसातली साखर खाऊन मद्यार्क तयार करतात. पण पेरलेल्या पिकात जसं तण उगवतं, तसं रसात रानटी यीस्टही वाढतं. ते घडांबरोबर येतं, नाहीतर यंत्राला आणि नळ्यांना चिकटलेलं असतं.

या यीस्टपैकी काही 'मारक' असतं. बेव्हन आणि मॅकोवर या शास्त्रज्ञांनी १९६३ साली ही गोष्ट दाखवून दिली. मारक यीस्ट एक प्रथिन बाहेर सोडतं. ते दुसऱ्या यीस्टच्या पेशीला चिकटतं, तिच्या पातळ आवरणाला भोकं पाडतं आणि पेशी मरते. पेशीत वस्तीला असलेल्या एका विषाणूमुळे हे विष बनतं. गंमत अशी, की त्याच विषाणूमुळे मारक यीस्टचं स्वतःचं रक्षणही होतं. हे विष यीस्टवर चालतं, माणसाला बाधत नाही.

म्हणजे यीस्ट तीन तऱ्हेचं : मारणारं, मरणारं आणि तटस्थ. तटस्थ यीस्ट मारतही नाही, मरतही नाही. आपलं विरजण मरणाऱ्या जातीचं असेल आणि रानटी मारक यीस्ट बळावलं, तर आपलं विरजण मरतं आणि रस थंडावतो. उलट विरजणच मारक असेल, तर तेच टाकीची राखण करतं.

मात्र एक ध्यानात ठेवा. हा राखणदार सगळ्या चोरांना पकडत नाही. काही रानटी यीस्टवर त्याचं विष चालत नाही. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंवर तर मुळीच नाही. तेव्हा स्वच्छतेला पर्याय नाही.

थोडक्यात काय करावं :

१. यीस्ट घेताना ते मारक किंवा तटस्थ आहे का, हे विचारून घ्या.

२. शंभर लिटर रसाला २० ते २५ ग्रॅम कोरडं यीस्ट घ्या. दहापट कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश सेल्सियस) १५ ते २० मिनिटं भिजवा. मग रसात घाला. भिजवलेलं यीस्ट आणि रस यांच्या तापमानात दहा अंशांहून जास्त फरक नसावा.

३. विरजण लावायला उशीर करू नका. रानटी यीस्टला आधी पाय रोवू देऊ नका.

४. घड पहाटेच्या गारव्यात काढा. फुटके, कुजके मणी बाजूला काढा. क्रेट, नळ्या आणि टाक्या दर वेळी धुऊन घ्या.

विरजण चांगलं तर दही चांगलं, हे आपल्या घरातल्या बायामाणसांना ठाऊकच आहे. वाईनचंही तसंच आहे.