उद्यावर टाकलेला आनंद

भिलाईची झोतभट्टी कोणासाठी थांबत नाही. तेथील पहिल्या भट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. वरून खनिज, कोक व चुनखडी घालावी, खालून तापलेल्या हवेचा झोत द्यावा आणि वितळलेले लोखंड वेळच्या वेळी बाहेर काढावे, हा तिचा अहोरात्र क्रम. लोखंड तळाशी साचू दिले, तर भट्टीचेच काम बिघडते. 'उद्या पाहू' हे शब्द तेथे चालत नाहीत.

आता अशा भट्टीवर तीस वर्षे इमाने काम केलेला, विदर्भातून आलेला एखादा गृहस्थ कल्पावा. पाळीला तो कधी उशिरा गेला नाही. मात्र गावच्या शेताच्या वाटणीविषयी थोरल्या बहिणीला लिहावयाचे पत्र त्याच्या हातून होत नाही. संध्याकाळी तो वर्तमानपत्र उघडतो. नजर अक्षरांवर असते, मन कोऱ्या कागदावर. चहा निवून जातो. पत्र होत नाही आणि संध्याकाळही हाती लागत नाही.

अशा माणसाला लोक सुखलोलुप म्हणतात. पण त्याला सुख लाभले कोठे? फ्यूशा सिरवा व टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली असे मांडले, की चालढकल हा मुख्यतः वेळेच्या हिशेबाचा दोष नसून, कामाशी जडलेल्या नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याचा प्रयत्न असतो. अशी सुटका म्हणजे आनंद नव्हे. कर्जाची मुदत वाढली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही.

ही सवय कामापाशीच थांबत नाही. सुझॅन शू व उरी नीझी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिठाईची भेटकुपने वाटली होती. दोन महिन्यांच्या मुदतीची कुपने मिळालेल्यांपेक्षा तीन आठवड्यांची मिळालेल्यांनीच ती अधिक प्रमाणात वापरली. सवड भरपूर दिसली, की माणूस आनंदही लांबणीवर टाकतो. भिलाईत १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून मैत्रीबाग उभी राहिली. बाहेरगावचा पाहुणा तेथला पांढरा वाघ पहिल्याच रविवारी पाहून येतो. गावातला माणूस म्हणतो, "बाग कुठे पळून जाते?" बाग जात नाही; पण आजोबांचे बोट धरून वाघ पाहावयाचे नातवाचे वय निघून जाते.

कधी मात्र रुचीच आटलेली असते. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही आठवडेच्या आठवडे मन रमत नसेल, तर तो आळस नसून नैराश्याचा आजार असू शकतो. तेथे बोल लावणे व्यर्थ. वैद्यकीय मदत घ्यावी. त्या उपचारांतही लहानसहान आवडीची कामे ठरवून पुन्हा सुरू करण्याची एक पद्धत आहे. गोडी आधी वाटली पाहिजे असे नाही. पुष्कळदा ती हात लावल्यानंतर येते.

त्या गृहस्थाने वाटणीचा प्रश्न आजच सोडविला पाहिजे असे नाही. बहिणीची खुशाली विचारणाऱ्या चार ओळी लिहाव्या आणि पाकीट बंद करावे. मग दुसरा चहा टाकावा. तो मात्र गरम असतानाच प्यावा.